आरव्ही फाटकावरून परत जाऊ नये म्हणून: आधी टेप, मग रस्ता, मग बुकिंग

अमेरिकेत आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी किंवा ट्रेलर) घेऊन निघालेल्या कुटुंबांची गाडी कॅम्पग्राउंडच्या फाटकावर अडते, तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच असतं. कामाचा क्रम उलटा झालेला असतो. आधी तारखा ठरतात, मग मिळेल ती साइट (कॅम्पग्राउंडमधली गाडी उभी करायची जागा) बुक होते, मग मिळेल ती गाडी ठरते, आणि गाडी त्या साइटवर मावते का हा प्रश्न तिथे पोचल्यावर पडतो. 'आरव्ही चालतील' असं लिहिलेल्या कॅम्पग्राउंडमध्ये तुमची आरव्ही चालेलच असं नाही. लांबी, रुंदी, उंची, भिंती कशाच्या आहेत, सांडपाण्याची टाकी आहे का, गाडी किती जुनी आहे, यातल्या कुठल्याही एका गोष्टीवर नकार मिळू शकतो.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले तीन झाल्याशिवाय बुकिंगची वेबसाइट उघडू नका.

## १. गाडी कोणत्या प्रकारात मोडते ते नक्की करा

नियम गाडीच्या प्रकारावर लिहिलेले असतात, म्हणून प्रकाराचं नाव बरोबर माहीत हवं. क्लास ए म्हणजे बसच्या आकाराची. क्लास सी म्हणजे ट्रकच्या केबिनवर झोपायची जागा पुढे आलेली. भाड्याने सर्वांत जास्त हीच मिळते. क्लास बी म्हणजे कॅम्पर व्हॅन. ओढून न्यायच्या गाड्यांत ट्रॅव्हल ट्रेलर (बंपरमागच्या हिचला जोडायचा), फिफ्थ व्हील (पिकअपच्या हौद्यात जोडायचा) आणि पॉप-अप (उघडल्यावर कापडी भिंती होणारा) येतात. पिकअपच्या हौद्यावर बसवतात तो ट्रक कॅम्पर.

खरा घोळ होतो तो 'हार्ड-साइडेड' या शब्दावर. ज्या कॅम्पग्राउंडमध्ये फक्त हार्ड-साइडेड गाड्या चालतात, तिथे झोपायच्या जागेची प्रत्येक भिंत टणक हवी. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातलं फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क हे त्याचं ठळक उदाहरण. ग्रिझली अस्वलांचा वावर असल्याने तिथे तंबू आणि पॉप-अप ट्रेलर चालत नाहीत. ग्लेशियर उद्यानातल्या मेनी ग्लेशियर कॅम्पग्राउंडमध्ये अस्वलांची हालचाल वाढली की असाच निर्बंध ऐन हंगामात लागू होऊ शकतो. म्हणजे बुकिंग करताना नसलेला नियम तुम्ही पोचेपर्यंत आलेला असू शकतो. निघायच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या पानावरच्या सूचना पुन्हा वाचा.

पॉप-अप कापडी असतो हे सगळ्यांना कळतं. पण खालच्या गाड्यांचे मालक आपली गाडी 'हार्ड-साइडेड' समजून जातात आणि फसतात:

- दोन्ही टोकांना कापडी पलंग बाहेर निघणारे हायब्रिड ट्रेलर
- छप्पर वर उचलल्यावर कापडी भिंत उघडी पडणाऱ्या पॉप-टॉप व्हॅन
- कापडी बाजू असलेले पॉप-अप ट्रक कॅम्पर
- गाडीच्या टपावरचे तंबू

घडी घालता येणारा पण टणक भिंतींचा त्रिकोणी ट्रेलर कुठे चालतो, कुठे नाही. असा ट्रेलर असेल तर फोन करून विचारा आणि शक्य असेल तर उत्तर ईमेलने घ्या.

तपासा: 'माझ्या गाडीत झोपलेल्या माणसाच्या आणि बाहेरच्या हवेच्या मध्ये कुठे कापड आहे का?' उत्तर 'हो' असेल तर गाडी सॉफ्ट-साइडेड धरा.

## २. टेप घेऊन मोजा

ब्रोशरमधला किंवा मॉडेलच्या नावातला आकडा धरून बुकिंग करू नका. ट्रेलरच्या नावात २२ असलं तरी तो आकडा बऱ्याचदा फक्त खोलीच्या लांबीचा असतो. पुढचा त्रिकोणी दांडा आणि मागचा बंपर धरला की तोच ट्रेलर २५-२६ फूट भरतो. भाड्याची '२५ फुटी' क्लास सी तुमच्या हाती येते तेव्हा २४ किंवा २६ फुटांची असू शकते, कारण कंपन्या त्या गटातली उपलब्ध गाडी देतात. म्हणून बुकिंग करताना त्या गटातल्या सर्वांत लांब गाडीचा आकडा धरा आणि गाडी ताब्यात घेताना तो पडताळून पाहा.

लांबी. पुढच्या बंपरच्या टोकापासून मागच्या शेवटच्या टोकापर्यंत. शिडी, सुटं चाक, हिच, सायकलींचा रॅक हे सगळं यात येतं. २५ फुटी गाडीला ३ फुटांचा सायकल रॅक लावला की ती २८ फुटी झाली; २७ फुटांच्या साइटवर तिला जागा नाही. ट्रेलरवाल्यांनी तीन आकडे लिहून ठेवायचे: नुसता ट्रेलर, नुसती ओढणारी गाडी, आणि दोन्ही जोडून. साइटची मर्यादा नुसत्या ट्रेलरला लागू आहे की जोडीला, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. रस्त्याची मर्यादा मात्र बहुतेक वेळा जोडीला लागते.

रुंदी. दोनदा मोजा, आरसे धरून आणि आरसे सोडून. क्लास सीचं अंग साधारण ८ ते साडेआठ फूट असतं. स्लाइड-आउट (गाडीच्या बाजूने बाहेर सरकणारी खोली) असेल तर ती बाहेर काढल्यावर किती फूट लागतात तेही लिहा. साइटवर झाड किंवा विजेचा खांब जवळ असला की हा आकडा उपयोगी पडतो.

उंची. टपावरचा एसी हा बहुतेक गाड्यांचा सर्वांत उंच भाग. सपाट जागी गाडी उभी करून एसीच्या वरच्या कडेवर सरळ पट्टी आडवी धरा, ती बाजूला बाहेर काढा आणि तिथून जमिनीपर्यंत टेप सोडा. आलेल्या आकड्यात ३-४ इंच वाढवा. हा आकडा चिठ्ठीवर लिहून चालकाच्या समोर चिकटवा. भाड्याच्या गाडीत ती चिठ्ठी बऱ्याचदा आधीच लावलेली असते, तरी एकदा स्वतः मोजाच.

वर्ष. खासगी पार्क गाडीचं वर्ष विचारतात. मोटरहोममध्ये (क्लास ए, बी, सी) खालच्या चॅसीचं वर्ष आणि वरच्या घराचं मॉडेल वर्ष यांत एखाद्या वर्षाचा फरक असू शकतो. रजिस्ट्रेशनवर काय लिहिलंय ते पाहा आणि तेच सांगा.

> इशारा: बुकिंगच्या फॉर्ममध्ये गाडीची लांबी कमी लिहून पुढे जाणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. प्रणाली आकडा मान्य करते, साइट तुमच्या नावावर होते, आणि रेंजर मात्र समोर उभी असलेली गाडी पाहतो. साइटवर न मावणारी गाडी परत पाठवायचा त्याला अधिकार आहे.

## ३. रस्ता तपासा, साइटच्याही आधी

कॅम्पग्राउंडमध्ये तुमची गाडी सहज मावते, पण तिथवर जाणाऱ्या रस्त्यावर तिला मनाई आहे, असं अनेक ठिकाणी होतं. फोनवरचा साधा नकाशा तुमची गाडी कारच आहे असं धरून रस्ता दाखवतो, त्यामुळे तो तुम्हाला सावध करणार नाही.

ग्लेशियरमधल्या गोइंग-टू-द-सन रोडवर अॅव्हलांच क्रीक ते रायझिंग सन पिकनिक एरिया या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे. लांबीत बंपर आणि रुंदीत आरसे धरलेले आहेत. १० फुटांपेक्षा उंच गाडीला पश्चिमेकडे जाताना कड्याच्या पुढे आलेल्या खडकांचा त्रास होतो. याचा अर्थ असा की भाड्याची जवळजवळ कुठलीही क्लास सी हा डोंगर ओलांडू शकत नाही. एक रात्र पश्चिमेला आणि एक रात्र पूर्वेला असं बुकिंग करणाऱ्यांनी मधला प्रवास उद्यानाच्या दक्षिणेकडून, यूएस २ महामार्गाने वळसा घालून धरावा. त्याला दोन-तीन तास तरी धरा.

झायन राष्ट्रीय उद्यानात झायन–माउंट कार्मेल बोगदा हीच अडचण आहे. ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाडी दुसरी बाजू थांबवल्याशिवाय त्यातून जाऊ शकत नव्हती, म्हणून पूर्वी परवाना घेऊन एकतर्फी वाहतुकीत सोडत. ७ जून २०२६ पासून मोठ्या गाड्यांना या रस्त्याने जाऊ न देण्याचा निर्णय उद्यानाने घेतला आहे. वरची रुंदी पुन्हा वाचा: ७ फूट १० इंच. क्लास सी साधारण ८ फुटांपासून सुरू होते. पूर्वेकडून, म्हणजे ब्राइस कॅन्यनच्या बाजूने येणाऱ्यांनी कॅनॅब, फ्रेडोनिया, हरिकेन असा वळसा घेऊन स्प्रिंगडेलच्या बाजूने आत शिरावं. जुने प्रवासलेख अजूनही '१५ डॉलरचा परवाना घ्या' असं सांगतात. त्यावर विसंबू नका.

टेक्सासमधल्या बिग बेंड उद्यानातला चिसोस बेसिन रस्ता वळणांचा आणि चढाचा आहे. तिथे २४ फुटांपेक्षा लांब आरव्ही आणि २० फुटांपेक्षा लांब ट्रेलर नेऊ नये असा उद्यानाचा सल्ला आहे. तो सल्ला आहे, बंदी नाही, म्हणून लोक तो सोडून देतात. सोडू नका. तीव्र वळणावर लांब ट्रेलरची मागची चाकं समोरच्या लेनमध्ये किंवा कड्याच्या बाजूला जातात, आणि तिथून मागे घ्यायला जागा नसते.

पूर्व किनाऱ्यावर आणखी दोन गोष्टी. न्यूयॉर्क परिसरातल्या बहुतेक पार्कवेंवर (फक्त कारसाठी बांधलेल्या रस्त्यांवर) पूल ठेंगणे आहेत आणि आरव्हींना मनाई आहे. बाल्टिमोरच्या हार्बर टनेल आणि फोर्ट मॅकहेन्री टनेलमधून प्रोपेनच्या टाक्या असलेल्या आरव्ही नेता येत नाहीत. पूर्वी त्यांना पर्याय असलेला फ्रान्सिस स्कॉट की पूल २६ मार्च २०२४ ला कोसळला, त्यामुळे आता आय-६९५ महामार्गाने शहराला पश्चिमेकडून वळसा घालावा लागतो.

तपासा: घर ते कॅम्पग्राउंड हा पूर्ण मार्ग आरव्हीची मापं टाकता येतील अशा नेव्हिगेशनवर काढला का? उद्यानाच्या वेबसाइटवर वाहनांच्या मर्यादांचं पान वाचलं का? दोन्ही झालं असेल तरच पुढे.

## ४. साइटचं पान ओळ न् ओळ वाचा

केंद्र सरकारच्या बहुतेक कॅम्पग्राउंडचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह वर होतं. तिथे कॅम्पग्राउंडचं एक पान असतं आणि प्रत्येक साइटचं वेगळं. लोक पहिलं वाचतात आणि थांबतात. 'येथे ४० फुटांपर्यंत आरव्ही चालतात' याचा अर्थ तिथे ४० फुटांच्या काही साइट आहेत एवढाच. तुमची साइट २४ फुटांची असू शकते.

साइटच्या पानावर या ओळी शोधा.

कमाल वाहन लांबी. हा शेवटचा शब्द. ड्राइव्हवेची लांबी वेगळी दिलेली असेल आणि दोन्ही आकडे जुळत नसतील, तर लहान आकडा खरा धरा.

परवानगी असलेली साधनं. तंबू, आरव्ही, ट्रेलर, फिफ्थ व्हील, पॉप-अप, पिकअप कॅम्पर अशी यादी असते. तुमचा प्रकार यादीत नसेल तर ती साइट तुमची नाही, लांबी कितीही जुळली तरी. योसेमिटी उद्यानातल्या अपर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये आरव्हीला ३५ फूट आणि ट्रेलरला २४ फूट अशी वेगवेगळी मर्यादा आहे. ग्लेशियरमधल्या स्प्रेग क्रीकमध्ये तर ओढून आणलेलं काहीच चालत नाही, मग ट्रेलर १२ फुटांचा का असेना.

प्रवेश. बॅक-इन म्हणजे मागे घेत लावायची, पुल-थ्रू म्हणजे एका बाजूने आत, दुसरीने बाहेर. पहिल्यांदाच ट्रेलर ओढत असाल तर पुल-थ्रूसाठी एखादी कमी सुंदर साइट घ्या. 'वॉक-इन' किंवा 'हाइक-इन' दिसलं तर ती तंबूची साइट आहे, गाडी तिथवर जात नाही.

हूकअप. वीज, पाणी, सांडपाणी यांतलं काय मिळतं. योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडमध्ये यातलं काहीही नाही. यलोस्टोनमध्ये तिन्ही मिळतात ती एकाच ठिकाणी, वर आलेल्या फिशिंग ब्रिजला. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये ३० फुटांची मर्यादा आहे आणि हूकअप नाहीत. शेजारच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये हूकअप आहेत आणि ५० फुटांपर्यंतच्या गाड्या मावतात. दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि नावात लोकांचा गोंधळ होतो, त्यामुळे बुकिंग पक्कं करताना नाव पुन्हा पाहा.

विजेचे आकडे थोडक्यात: ३० अँपियरच्या प्लगला तीन पिना असतात आणि तो १२० व्होल्टवर ३६०० वॉट देतो. ५० अँपियरच्या प्लगला चार पिना असतात आणि दोन वाहिन्या मिळून १२,००० वॉट मिळतात. ५० ची गाडी ३० च्या खांबाला अॅडॉप्टरने जोडता येते, पण दोन एसी एकदम चालणार नाहीत. काही जुन्या साइटवर फक्त १५ किंवा २० अँपियरचं सॉकेट असतं. त्यावर दिवे आणि चार्जर चालतात. एसी लावला की ब्रेकर पडू शकतो किंवा बारीक वायर तापू शकते.

## ५. खासगी पार्कला फोन करा

सरकारी कॅम्पग्राउंड गाडीचा आकार आणि प्रकार पाहतात. खासगी आरव्ही पार्क यापलीकडे गाडी कशी दिसते तेही पाहतात. सर्वांत प्रसिद्ध आहे तो दहा वर्षांचा नियम: दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीला प्रवेश नाही, किंवा फोटो पाहून ठरवू. मोडकळीला आलेल्या गाड्या महिनोन्‌महिने पार्कमध्ये राहून जातात, मालक सोडून जातात आणि त्या काढायचा खर्च पार्कवर येतो, हे त्यामागचं मुख्य कारण. म्हणून हा नियम महिनाभर राहणाऱ्यांना कडक आणि दोन रात्रींच्या पाहुण्यांना सैल असू शकतो. नीट जपलेली पंधरा वर्षांची गाडी असेल तर चारही बाजूंचे आणि टपाचे, दिवसा काढलेले, तारीख असलेले फोटो आधीच पाठवा. चुरगळलेली ऑनिंग (गाडीच्या बाजूचं उघडमीट होणारं कापडी छत), टेप लावलेली खिडकी आणि निघालेले स्टिकर अशा गोष्टींमुळे नकार येऊ शकतो, म्हणून त्या आधीच दुरुस्त करून घ्या.

दुसरा निर्बंध घरी बनवलेल्या गाड्यांवर असतो: शाळेच्या बसपासून केलेलं घर, मालवाहू व्हॅन, चाकांवरचं छोटं घर. अनेक पार्क आरव्हीआयए या उत्पादक संघटनेचा शिक्का मागतात. तो कारखान्यात बनलेल्या गाडीवर, बहुधा मुख्य दाराजवळ असतो. घरी केलेल्या गाडीला तो मिळत नाही, म्हणून वीज, गॅस आणि सांडपाण्याच्या जोडणीचे फोटो तयार ठेवा.

काही रिसॉर्ट फक्त क्लास ए घेतात, काही फक्त ५५ वर्षांवरच्यांना. वाद घालण्यात अर्थ नाही, दुसरं शोधा.

फोनवर विचारायचे प्रश्न, याच क्रमाने:

1. माझी गाडी अमुक प्रकारची, रॅकसकट इतके फूट, अमुक वर्षाची. चालेल का?
2. या क्रमांकाच्या साइटवर स्लाइड-आउट पूर्ण उघडेल का?
3. ओढणारी गाडी साइटवरच मावते की वेगळी लावावी लागते, आणि त्याचे पैसे पडतात का?
4. ट्रक कॅम्पर पिकअपवरून खाली उतरवलेला चालतो का?
5. आत येताना सर्वांत ठेंगणी फांदी किंवा तार किती उंचीवर आहे?

तपासा: उत्तर देणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून घेतली का? फाटकावर दुसराच माणूस असतो.

## ६. टाकी असेल तरच चालणाऱ्या जागा

काही सरकारी जमिनींवर गाडी 'सेल्फ-कंटेंड' असण्याची अट असते. अॅरिझोना आणि कॅलिफोर्नियातल्या बीएलएमच्या (सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याच्या) लाँग टर्म व्हिजिटर एरियांमध्ये, म्हणजे दीर्घ मुक्कामाच्या जागांमध्ये, याची व्याख्या स्पष्ट आहे: गाडीला कायमची बसवलेली, किमान १० गॅलनची सांडपाण्याची टाकी हवी. उचलून नेता येणारं पोर्टेबल शौचालय यात धरत नाहीत. कॅम्पर व्हॅनवाले नेमके इथेच अडतात. भांडी धुतलेलं पाणीही जमिनीवर सोडायचं नाही, ते ग्रे टाकीत जातं आणि डम्प स्टेशनवरच रिकामं होतं.

## ७. आता बुकिंग

बऱ्याच केंद्रीय कॅम्पग्राउंडच्या तारखा सहा महिने आधी, पॅसिफिक (अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या) वेळेनुसार सकाळी ७ ला उघडतात. योसेमिटी व्हॅलीतल्या पाइन्स कॅम्पग्राउंडचं वेळापत्रक वेगळं आहे: दर महिन्याच्या १५ तारखेला सकाळी ७ ला महिन्याभराचा गठ्ठा उघडतो. आदल्या दिवशी लॉगिन करून मापात बसणाऱ्या पाच-सहा साइटचे क्रमांक पसंतीच्या क्रमाने कागदावर लिहून ठेवा. त्या क्षणी पानं वाचायला वेळ नसतो, आणि चुकीच्या लांबीची साइट घेतली जाते ती तिथेच.

बुकिंगनंतर गाडी बदलली तर लगेच तपासा. रिक्रिएशन डॉट गव्ह वर रद्द करायला १० डॉलर लागतात. पोचायच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी रद्द केलं तर पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. आठवडाभर आधी कळलेली चूक स्वस्तात सुटते.

## ८. जनरेटरच्या वेळा आखून ठेवा

हूकअप नसलेल्या साइटवर जनरेटर चालतो, पण ठरलेल्या वेळेतच. योसेमिटीत सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७. दिवसाचे एकूण सहा तास. बॅटऱ्या भरणं, मायक्रोवेव्ह, एसी हे सगळं त्यातच बसवायचं. राष्ट्रीय उद्यानांत आवाजाची मर्यादा ५० फुटांवर ६० डेसिबल आहे; बांधकामावर वापरतात तो उघडा जनरेटर ती ओलांडतो. काही कॅम्पग्राउंडमध्ये विशिष्ट लूपमध्ये (एका वळणरस्त्यावरच्या साइटच्या गटात) जनरेटरला पूर्ण मनाई असते. घरातल्या कुणाला रात्री श्वासाचं यंत्र लागत असेल तर हूकअपची साइट घ्या किंवा बॅटरी पुरेल याची एक पूर्ण रात्र घरीच चाचणी करा. ही गोष्ट पोचल्यावर सोडवायची नाही.

## ९. साइटवर पोचल्यावर

गाडी आत घालण्याआधी एकाने उतरून साइट चालत पाहा. वर फांद्या, बाजूला खांब, जमिनीवर दगड. विजेचा आणि पाण्याचा जोड सहसा गाडीच्या डाव्या, म्हणजे चालकाच्या बाजूला मागे असतो. साइटवरचा खांब त्याच हिशेबाने लावलेला असतो. उलटं तोंड करून लावली की वायर पोचत नाही.

मागे घेताना बाहेरचा माणूस चालकाच्या बाजूच्या आरशात सतत दिसला पाहिजे. तो दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, हा नियम आधीच ठरवून घ्या. मागची चाकं अडथळ्याला टेकली की थांबा आणि दोन्ही टोकं पाहा: पुढचं टोक रस्त्यावर आलेलं नसावं आणि मागचं झुडपांवर लोंबकळू नये. मग ब्लॉक लावून गाडी समतल करा. गॅसवर चालणारा अॅब्सॉर्प्शन फ्रिज कलत्या गाडीत नीट थंड होत नाही आणि बराच काळ तसा चालला तर खराब होतो.

## १०. तरीही नकार मिळाला तर

पहिला प्रश्न विचारा: दुसरी साइट रिकामी आहे का, किंवा एखाद्याशी अदलाबदल होईल का. त्याच कॅम्पग्राउंडमध्ये लांब साइट घेऊन बसलेला छोट्या व्हॅनचा मालक बऱ्याचदा आनंदाने तयार होतो, पण ही बदली कार्यालयातून नोंदवून घ्या. सायकल रॅक काढून गाडी बसत असेल तर तो काढून साइटवरच आडवा ठेवता येतो. ट्रेलर बसत असेल आणि ओढणारी गाडी नसेल, तर जादा गाड्यांच्या वाहनतळाची चौकशी करा.

यातलं काहीच जमलं नाही तर ट्रेलहेडच्या (पायवाट सुरू होते तिथल्या) वाहनतळावर किंवा रस्त्याकडेला रात्र काढू नका. राष्ट्रीय उद्यानात नेमून दिलेल्या जागेबाहेर गाडीत झोपणं हेही कॅम्पिंगच धरतात आणि त्याला दंड होतो. निघण्याआधीच उद्यानाच्या फाटकाबाहेर तुमच्या लांबीला चालणाऱ्या दोन खासगी पार्कचे फोन क्रमांक कागदावर लिहून घ्या. कागदावरच, कारण नकार मिळतो त्या ठिकाणी फोनला बहुतेक वेळा रेंज नसते.